खालचा आवाज

भोपळ्याची फाक कापता कापता भाजीवाल्या बाई थांबल्या, सुरी तशीच फाकेत रुतवून ठेवली आणि म्हणाल्या, "बाळ, रागावू नकोस हं, पण तू चाल चुकीची म्हणतोयस."

आपण काही म्हणत होतो हेच एलादियो बासुआल्दोला आधी कळलं नाही. लसणाच्या माळांखाली फळीवर रेडिओ चालू होता आणि त्यावर 'बार्रो दुल्से' या बँडचं ते गाणं लागलं होतं, जे रोसारिओ शहरातल्या प्रत्येक दुकानात, प्रत्येक टॅक्सीत कधी ना कधी लागायचंच. रांगेत उभा राहून, पालकाच्या जुड्यांकडे बघत, तो सवयीनं गुणगुणत होता इतकंच. "हे बघ, असं आहे ते," बाई म्हणाल्या, आणि मान उंचावून, डोळे मिटून त्यांनी बरोबर चाल म्हणून दाखवली. अगदी बरोबर. बँडचा मुख्य गायक तुर्को याची चाल, तुर्को जिथं श्वास घ्यायचा तिथंच श्वास घेऊन. "आता म्हण बघू." मागचा म्हातारा कौतुकानं पुढं सरकला. एलादियोनं म्हणून पाहिलं. पहिला शब्द नीट निघाला, पण दुसऱ्याच शब्दाला त्याचा गळा आपोआप खाली उतरला, ओळखीच्या जिन्यावरून न बघता उतरावं तसा. "जाऊ दे," बाई समजुतीनं म्हणाल्या, "सगळ्यांनाच कुठं जमतं? बोलणं मात्र गोड आहे हो तुझं." आणि त्याच्या पिशवीत भोपळ्यावर त्यांनी पार्सलीची एक जुडी फुकट ठेवून दिली.

हे गाणं आम्हीच केलं, रेकॉर्डवर मुख्य चालीला साथ देणारा जो खालचा आवाज आहे तो माझाच, असं सांगावंसं त्याला वाटलं नाही. उलट हसूच येत होतं. बाईंनी ओळखलं नाही यात त्यांची काही चूक नव्हती. वीस वर्षांच्या फोटोंमध्ये तुर्को पुढं असायचा, छाती उघडी, मान मागं टाकलेली. आणि एलादियो डाव्या कोपऱ्यात, पियानोमागं, अर्धा अंधारात. आणि खालचा आवाज कोण ऐकतं? तो नसला तर गाणं पातळ लागतं एवढंच लोकांना कळतं. पाराना नदीवरून ओली थंडी वर येत होती, फुटपाथवरची झाडं निष्पर्ण झाली होती, आणि हातातल्या पिशवीचं ओझं बरं वाटत होतं. तो हसत हसत कोपऱ्यापर्यंत आला, आणि तिथं, रस्ता ओलांडायला म्हणून उभा राहिला असताना, ते हसू घशात माशाच्या काट्यासारखं आडवं झालं. कारण त्याला सुसी आठवली.

सुसी फेरांते त्याच्या गाण्यांची प्लेट रेकॉर्ड करत होती, त्याची पहिली, एकट्याची. पिचिंचा भागातल्या एका जुन्या टोप्यांच्या कारखान्यात तिचा स्टुडिओ होता. नऊ गाणी बांधून झाली होती, आणि मागल्या आठवड्यात सगळी ओळीनं ऐकल्यावर सुसी बराच वेळ सिगारेट विझवत बसली होती. "छान आहे," ती म्हणाली होती. "खरंच छान आहे. पण वर काहीतरी मोकळं लागतंय. घरात सामान लावलं आणि झुंबर राहिलं तसं." ते ऐकून एलादियो म्हणाला होता, व्हायोलिन घालू. व्हायोलिन घातली, ती नुसती लोंबत राहिली, काढून टाकली. आता त्या कोपऱ्यावर, सिग्नल दोनदा बदलला तरी, तो उभाच राहिला.

घरी आल्यावर भोपळा ओट्यावर ठेवून कोट न काढताच त्यानं टेपमध्ये कॅसेट घातली. त्याचाच आवाज सुरू झाला, जवळचा, उबदार, जरा लाजरा. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांचं गाणं होतं ते: वारा येतो आणि बाहीत हात घालतो. एलादियोनं खिडकीकडं तोंड केलं आणि त्या आवाजाच्या वर, मुद्दाम, तुर्को गाईल तसं गुणगुणून पाहिलं. बसलं. नुसतं बसलं नाही, कुलपात किल्ली फिरावी तसं फिरलं. त्यानं दुसरं गाणं लावलं. त्यातही बसलं. तिसऱ्यातही. कुठंही अडखळावं लागलं नाही, कुठंही शोधावं लागलं नाही. तुर्कोची चाल नऊच्या नऊ गाण्यांत आधीपासून तयार होती, इस्त्री करून ठेवलेली, फक्त तुर्को तिथं नव्हता. आपण घर सोडलं, नवं घर घेतलं, आणि तिथंही जेवायला बसताना दुसऱ्याचं ताट मांडत राहिलो, असं काहीतरी त्याला वाटलं, आणि त्याची त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या तळाशी कुठंतरी तुर्कोबद्दलची माया होती, जिचं काय करावं ते त्याला कळेना.

ही खोड तुर्कोच्याही आधीची होती. लहानपणी रविवारी वडिलांच्या ट्रकमधून आजीकडं जाताना आई गायची. बाहेर सपाट, संपता न संपणारी शेतं, मध्येच एखादं गुरांचं कुंपण. केबिनमध्ये डिझेलचा वास, आईच्या मांडीवर टॉवेलात बांधलेल्या गरम एम्पानादा, खिम्याच्या करंज्या. आईबरोबर तेच तेच म्हणायचं त्याला वाया घालवल्यासारखं वाटायचं. दोघांनी एकच गोष्ट कशाला म्हणायची? मग तो तिच्या आवाजाखाली शिरायचा, तिथं किती जागा असते हे त्याला कुणी न शिकवता कळलं होतं. आई वडिलांना म्हणायची, "बघितलंस? हा पोरगा माझ्या गाण्याखाली उशी सरकवतो." वडील रस्त्यावरची नजर न काढता हसायचे. त्या शब्दानं त्याच्या अंगावर किती सुखाचा काटा यायचा ते आजही त्याला आठवत होतं. पुढं शाळेत नासारेनो चालूप नावाचा मुलगा भेटला, ज्याला सगळे तुर्को, म्हणजे तुर्क, म्हणायचे कारण त्याचे आजोबा सीरियातून आले होते आणि तिकडून आलेले सगळेच इथं तुर्क. तो बस थांब्यावर, फळ्यासमोर, लघवीला उभा असतानाही मोठ्यानं गायचा. पहिल्याच दिवशी एलादियोनं त्याच्या गाण्याखाली आपला आवाज सरकवला. तुर्को गायचा थांबला, वळला, बघत राहिला. "पुन्हा कर," म्हणाला. "तू हे काय केलंस ते पुन्हा कर." सगळा 'बार्रो दुल्से' त्या एका वाक्यातून निघाला होता.

त्याला सोडून येताना भांडण झालं नव्हतं. पत्रकारांना भांडण हवं होतं, बाई, दारू, नाहीतर हेवा. एलादियोकडं द्यायला तसलं काहीच नव्हतं. चाळिशी उलटल्यावर त्याला काही गाणी सुचायला लागली, आणि ती तालमीत नेऊन तुर्कोच्या हातात द्यावीत असं त्याला वाटेना, एवढंच. मार्चमध्ये तुर्कोच्या अंगणात मांस भाजत असताना त्यानं ते सांगितलं. तुर्को चिमट्यानं बरगड्या उलटत राहिला. म्हणाला, "मग मला खालून कोण धरणार?" एलादियोला तो विनोद वाटला आणि तो हसला. तेव्हापासून त्यांचं बोलणं झालं नव्हतं. आता वाटत होतं, हसायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुसीला सगळं सांगितलं. सुसीनं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "मग वरची चाल तूच म्हण की. तुझीच आहे." त्यानं म्हटली. काचेपलीकडून सुसीनं हात वर करून थांबवलं. "हा तुर्को झाला."

"बरं, पुन्हा घेतो."

पुन्हा घेतलं. "हासुद्धा तुर्को," सुसी म्हणाली. "फक्त सर्दी झालेला." मग ती बाहेर आली, त्याच्याजवळच्या स्टुलावर बसली आणि बऱ्याच प्रेमळपणानं म्हणाली, "एला, एवढा जीव कशाला काढतोस? त्याला बोलाव. एका दुपारचं काम आहे. येईल आणि गाईल, प्लेट सुरेख होईल, लोक रडतील."

"आणि मग ती कुणाची प्लेट?"

"सुरेख प्लेट," सुसी म्हणाली. "कुणाची ते कव्हरवर लिहिलेलं असतं."

तो गेलाही. बुधवारी दुपारी तुर्कोच्या गल्लीत शिरला तेव्हा काय बोलायचं ते त्यानं मनाशी नीट जुळवलं होतं. पण घंटीपर्यंत हात गेलाच नाही, कारण आत तालीम चालू होती. पत्र्याच्या शटरमागून तुर्कोचा तो उन्हासारखा आवाज येत होता, आणि त्याच्या खाली दुसरा एक आवाज. नवा माणूस. चांगला होता, अगदी प्रामाणिक, सगळे सूर जिथल्या तिथं. फक्त तुर्को ओळीच्या शेवटी जरा लवकर वळतो हे त्याला अजून माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येक ओळीला तो एक पाऊल मागं राहत होता. फुटपाथवर उभ्या एलादियोनं नकळत बरोबर वळण घेतलं, ओठ मिटूनच. आतल्या आत त्याचा गळा शटरपलीकडं जाऊन तुर्कोला धरून आला. समोरच्या घराच्या पायरीवर एक बाई नळीनं माते, इथला कडवट चहा, पीत बसली होती, तिनं त्याच्याकडं पाहून मान हलवली. त्याला वाटलं, आपण ना आत आहोत ना बाहेर. जे काम आपल्याला येतं ते इथं दुसरा करतोय, आणि तिकडं जे करायचं आहे ते आपल्याला येत नाही. तो घंटी न वाजवता परतला, आणि परतताना थंड वारा दातात शिरला तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की डावीकडची खालची दाढ दुखतेय.

दाढेचं निमित्त झालं. त्याची बायको ग्रिसेल्दा दातांची डॉक्टर होती आणि नवऱ्याला खुर्चीत बसवायला तिला कधी मिळत नसे. "आ कर. अरे देवा, हे कधीपासून आहे? आणि मला सांगायचं नाही? लोक तीन तीन महिने थांबतात माझ्यासाठी." तिनं भूल दिली, गालात कापसाचे बोळे कोंबले, जबड्यात रबराचा ठोकळा अडकवला, लाळ ओढणारी नळी ओठावर टांगली. मग दिवा खाली ओढला आणि कामाला लागली. आणि काम करताना, नेहमीसारखी, गायला लागली.

ग्रिसेल्दा बेसूर होती. ही गोष्ट त्या घरात इतकी जुनी आणि लाडकी होती की तिच्यावर विनोद करणंही आता बंद झालं होतं. तिच्या पेशंटांना तोंड उघडं ठेवावं लागतं म्हणून ती सुटते, असं तुर्को म्हणायचा. घरात ती गाऊ लागली की एलादियो बसल्या जागेवरून तिच्या आवाजाला आधार द्यायचा, आणि ती जिथं घसरेल तिथं आपणही घसरून ते गाणं बरोबर दिसेल असं करायचा; लग्नाला इतकी वर्षं झाली, हे तो करतो हे तिला माहीतही नव्हतं. आत्ता ती त्याचंच गाणं गात होती, कपड्यांचं, सकाळ-संध्याकाळ घरात वाजणाऱ्या त्या कॅसेटवरून उचललेलं. त्याचा गळा लगेच सरसावला. पण जीभ नव्हती. ओठ नव्हते. जबडा दुसऱ्याच कुणाचा तरी होता. त्यानं घशातून "आं" असा आवाज काढला.

"दुखतंय?"

"आं आं."

"मग गप्प पड."

तो गप्प पडला. डोळ्यांवर दिव्याचा पांढरा गोळा, नाकात लवंगेचा वास, तिच्या मनगटाची ऊब हनुवटीला लागलेली. आणि काहीही करता येत नसल्यामुळं, जन्मात पहिल्यांदाच, त्याच्यासमोर कुणी गात होतं आणि तो फक्त ऐकत होता. ग्रिसेल्दानं ओळ खालूनच उचलली, कारण कॅसेटवर तेवढंच होतं. पण तो सूर तिला धरवेना. ड्रिल लावताना तिनं श्वास रोखला, ओळ मध्येच तुटली, आणि पुन्हा सुरू झाली ती भलतीकडंच, वर, जणू मधल्या काळात ती कुठून तरी जाऊन आली होती. "वारा येतो आणि — हलू नकोस — बाहीत हात..." 'हात'वर ती थांबून राहिली, कारण हातात आरसा धरायचा होता, आणि मग हळूच, थकून, खाली आली. ते त्याचं नव्हतं. तुर्कोचं तर नव्हतंच. तुर्को असा थांबलाच नसता, तो त्या जागेवरून उडी मारून गेला असता. ते कुणाचंच नव्हतं, आणि तरी त्या शब्दांना दुसरं कसं म्हणणार असं वाटावं इतकं सरळ होतं. आई अशी थांबायची, दोरीवर चादर टाकताना, तोंडात चिमटे धरून. हे गाणं तिच्यावरचं आहे हे तो लिहितानाच जाणत होता. पण गाण्यात ती कुठं नव्हती, तिच्या खालची उशीच तेवढी होती. त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडं ओघळलं.

"भूल कमी पडली का रे?" ग्रिसेल्दानं घाबरून विचारलं.

अर्धं तोंड बधिर असतानाच त्यानं तिला सगळं सांगायचा प्रयत्न केला. ती हातमोजे काढत ऐकत होती आणि हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला. "थांब. म्हणजे मी चुकीचं गायले, असं तू म्हणतोयस?"

"फार चुकीचं."

"आणि म्हणून तुला रडू आलं?"

"पुन्हा म्हण," तो म्हणाला. शब्द लाळेत भिजून बाहेर पडले. "आत्ता म्हटलंस तसंच."

"मला काय माहीत मी कसं म्हटलं! मी तुझ्या दाढेत होते." मग ती हसायला लागली, त्याच्या गळ्याला बांधलेला कागदी रुमाल सोडता सोडता हसतच राहिली, आणि तो वाकड्या तोंडानं तिच्या खांद्यावर डोकं टेकून हसला. बाहेर बसलेल्या पेशंटाला काय वाटलं असेल देव जाणे.

तेवढ्या एका ओळीवरून पुढचं सगळं करावं लागलं, आणि ते सोपं नव्हतं. सुसीनं आधीचे आवाज पुसून टाकले तेव्हा तिचाही हात थबकला. एलादियो रोज सकाळी जायचा आणि गाणं असं म्हणायचा की जणू ते कुणाला नुसतं सांगतोय. शब्द जिथं वर जायचं म्हणतील तिथं जायचं, तिथं आवाज बारीक झाला तर होऊ द्यायचा. बारीक व्हायचाच. पंचेचाळीस वर्षं ज्या जागी तो कधी गेला नव्हता तिथं त्याचा आवाज नवशिक्यासारखा कापायचा. काही दिवस गळा जुन्या वाटेनं खाली पळायचा, काही दिवस तुर्को व्हायचा. सुसी टेप मागं फिरवायची. दोन गाणी काही केल्या उभी राहिली नाहीत, ती टाकून दिली. एकदा संध्याकाळी कपड्यांचं गाणं संपल्यावर काचेपलीकडं सुसी दिसेचना; ती खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती, आणि वर आली तेव्हा तिनं नाक पुसलं. "हा कोण आहे ते मला माहीत नाही," ती म्हणाली, "पण याला येऊ दे रोज."

प्लेट बाजारात जायच्या आधीच्या रविवारी त्यानं कॅसेट खिशात घातली आणि या वेळी तुर्कोची घंटी वाजवली. दार तुर्कोच्या आईनं, दोन्या यामिलेनं उघडलं. तिच्या हाताला भाताची शितं लागली होती, म्हणून तिनं नुसत्या कोपरांनी त्याला मिठी मारली. "किती महिने झाले रे निर्लज्जा? जेवलास? कसला जेवणार, काडी झालायस. नासारेनो! बघ कोण आलंय."

तुर्को स्वयंपाकघरात बसला होता, माते चहाची वाटी हातात. तो जाड झाला होता. दोघांनी एकमेकांच्या गालाला गाल लावला, आणि टेबलाशी बसले, जिथं म्हातारी द्राक्षाची पानं एकेक करून भात भरून वळत होती. "नवा पोरगा बरा गातो," एलादियो म्हणाला.

"बरा आहे," तुर्को म्हणाला. "गाडी चालवतो पण चांगली." मग हनुवटीनं खिशाकडं खूण केली. "तेच का ते?"

एलादियोनं कॅसेट लावली. तुर्कोला ओळखणाऱ्या कुणालाही ठाऊक होतं की तो कुठलंही गाणं ऐकू शकत नाही. तो लगेच गायलाच लागतो. बापाच्या अंत्यविधीत त्यानं पाद्र्याच्या वर आवाज लावला होता. तो आता गायला, आणि ते बसलं, कुलपात किल्ली फिरली, तर एवढं सगळं करून आपण होतो तिथंच. कपड्यांचं गाणं सुरू झालं. तुर्कोची हनुवटी वर उचलली गेली. वीस वर्षं पियानोमागून एलादियोनं ती हनुवटी बघितली होती. ती उचलली की पुढच्या श्वासाला आवाज येणार. तोंड उघडलं. आणि उघडंच राहिलं. आवाज आला नाही. ओळ पुढं गेली, तुर्कोनं पुन्हा श्वास घेतला, कपाळाला आठी घालून कान दिला, आणि पुन्हा सोडून दिला. मग त्यानं मातेची नळी ओठांत धरली आणि दुसरं गाणं, तिसरं गाणं, तशीच धरून ठेवली. वाटी केव्हाच रिकामी झाली होती. ती नुसती घुरघुरत होती. "संपलंय रे ते," दोन्या यामिले म्हणाली. तुर्कोनं हातानं तिला गप्प केलं, इतक्या जोरात की एक वळलेलं पान खाली पडलं.

एक बाजू संपून टेप खटकन थांबला. तुर्को टेपकडंच बघत बसला होता.

"वर जागाच ठेवली नाहीस रे," तो म्हणाला.

"नाही."

"एवढीशीसुद्धा नाही. मी शोधत होतो."

"बघितलं मी."

"साल्या," तुर्को म्हणाला, आणि तळहातानं डोळे पुसले, उघडपणे, जसं तो सगळंच करायचा. मग उठला, आतल्या खोलीतून गिटार घेऊन आला आणि एलादियोच्या मांडीवर ठेवली. "पुन्हा म्हण. कॅसेट नको, तू म्हण. मी खालून येऊन बघतो."

"तुला खालचं येत नाही."

"म्हणून तर बघतो म्हटलं."

एलादियोनं गाणं धरलं. पहिल्या ओळीनंतर तुर्को खाली शिरला, आणि काय शिरला! तो एवढा मोठा आवाज, ज्याच्यासाठी लोक स्टेडियम भरायचे, तो अंधारात चपला चाचपडाव्यात तसा सूर शोधत होता. एक सापडला तर पुढचा सुटत होता, मध्येच वर उसळत होता आणि ओशाळून परत बसत होता. एलादियोचा गळा ओळखीच्या दिशेनं ओढ घेऊ लागला. त्याला माहीत होतं कुठं जायचं ते. एक पायरी उतरलं असतं तर तुर्को सावरला असता, दोघंही सुटले असते. तुर्को त्याच्याकडं बघत होता, भुवया उंचावून, बुडणाऱ्या माणसासारखा हसत. एलादियोही हसला, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून, आणि आपली चाल सोडली नाही. म्हातारीनं ताटं मांडायला घेतली. वारा येतो, तो म्हणाला, आणि 'हात'वर जितकं थांबायचं होतं तितका थांबला.